राज्य निवडा

मला विसरा, असं लिहितात ती माणसं.
रात्री दोन वाजता, मालाडला सातव्या मजल्यावर,
एसीच्या झोतात शाल गुंडाळून
मी त्यांना विसरायचं काम करते.
सही करते सँडी म्हणून.
सुनंदा हे नाव कंपनीनं आधीच गाळलंय,
मी अर्ज न करता.

विसरण्याआधी विचारायचं : राज्य कोणतं?
पन्नास नावांची यादी खाली उलगडते,
वाण्याच्या बिलासारखी.
कॅलिफोर्निया असेल तर पंचेचाळीस दिवसांत
माणूस पुसायचा मुळापासून,
बुटाचा नंबर, गुडघ्याच्या पट्ट्याचं माप,
रात्र रात्र न्याहाळलेले आणि न घेतलेले पडदे.
ऑरेगन असेल तरी पुसायचा.
आयडाहो असेल तर
साचा क्रमांक सात :
आपल्या भावना आम्ही समजू शकतो.

दोन्हींच्या मधे काही अंतर एक नदी वाहते.
नकाशावर पाहिली मी. तिचं नाव साप.
अलीकडच्या काठाला विसरलं जाण्याचा हक्क,
पलीकडच्याला नाही.
मासे काय करत असतील कोण जाणे.

मार्चमध्ये एका हॅरल्डचं पत्र आलं.
एडना गेली. तिच्या नावानं अजून
कानाच्या यंत्रांची पुस्तकं येतात, दर शुक्रवारी.
पोस्टमन नवा आहे, विचारतो, बाई घरात आहेत का.
एवढं एक नाव काढा.
पत्ता पाहिला : नदीपासून चार मैल,
चुकीच्या बाजूला.

मी यादीतून बोट खाली नेलं
आणि म्हाताऱ्याला उचलून नदीपार ठेवलं.
ऑरेगन. ओके.

आठव्या दिवशी ऑडिटवाल्यांना पिनकोड जुळेना.
फ्लॅव्हियानं काचेच्या खोलीत बोलावलं,
दार लावून घेतलं, म्हणाली,
अगं, दया करायची तर घरी कर,
इथे ड्रॉपडाउन आहे.
माझे चार गुण गेले आणि बोनस अर्धा.
एडनाला परत आणायची सोय मात्र
सिस्टिममध्ये नव्हती.
तेवढं एक बरं.

पहाटे गाडी चारकोपच्या नाक्यावर सोडते.
लालमनचा पहिला घाणा उतरलेला असतो.
वडापाव कागदात, कागद छापील.
दुसऱ्या घासाला दिसलं :
गुलाब काशिनाथ तांडेल, वय एकसष्ट,
उपाशीपोटी साखर दोनशे चौदा.
खाली मोबाइल, दहाच्या दहा आकडे,
नवव्यावर लसणाची चटणी.

मालवणीच्या बाजारात बोंबील विकत असेल ही बाई.
नसेलही.
तिनं कुणाला लिहिलेलं नाही, मला विसरा म्हणून.
आपल्याकडेही कायदा झालाय, फ्लॅव्हिया सांगते,
लागू होतोय, टप्प्याटप्प्यानं.
रद्दी कधीपासूनच लागू आहे, किलोवर.

खाणं संपलं. लालमन म्हणाला, और एक?
मी कागद चारदा फाडला,
आकडे आकड्यांपासून लांब पडतील असा,
आणि त्याच्या हात धुवायच्या बादलीत बुडवून धरला.
शाई सुटेना. लेझरची होती.
कागद तरी सुटला.
राज्य विचारलं नाही.
पाऊण मिनिट लागलं असेल.

मग मोबाइल त्याच्या चौकोनावर धरला
आणि डबा अख्ख्या नाक्याला ओरडून सांगू लागला :
वीस रुपये प्राप्त झाले.

पुढे औषधाचं दुकान, रात्रभर उघडं असतं.
बाबांच्या गोळ्या घेतल्या.
मान वर न करता पोरगा म्हणाला, नंबर?
आणि मी, सँडी,
घडाघडा सांगून मोकळी झाले.
माझा.
मग बाबांचाही.